मागितलेला माणूस

आमच्या खिडकीवर लोक छत्री मागायला येतात, डबा मागायला येतात, चष्मा, कवळी, लहान मुलाचा एकच बूट. एकदा एक गृहस्थ आपला लाकडी पाय मागायला आला होता आणि तो त्याचाच आहे की नाही हे ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. पण माणूस मागायला कोणी आलं नव्हतं. बसस्थानकाच्या तळमजल्यावर, तिकीटघराच्या पाठीमागे, जिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, तिथे 'हरवलेले सामान' अशी पाटी आहे आणि पाटीखाली मी. त्या दिवशी रांगेतली एक तरुण बाई पुढे आली, आणि वर्णन नाही, पावती नाही, काही न सांगता तिने काचेखालच्या फटीतून मोबाइल आत सरकवला. म्हणाली, "ताई, यांना ओळखता का?" सरकारी माणूस गोड बोलायला लागला की आपली पर्स मांडीवर घ्यावी, असं माझं जुनं मत आहे. ती सरकारी होती हे मला तिच्या बुटांवरून कळलं होतं. मी पर्स मांडीवर घेतली आणि मग फोटो बघितला.

फोटोत एक माणूस होता. दाढी पांढरी, टक्कल पडलेलं, डोळ्यांखाली पिशव्या, मागे पिवळट भिंत. चेहऱ्यात माझ्या ओळखीचं काही उरलं नव्हतं. वय झालं की नाकसुद्धा परकं होतं. पण तो कॅमेऱ्याकडे बघत होता. पोलीस फोटो काढतात तेव्हा माणूस बावरतो, बाजूला बघतो, निदान ओठ तरी आवळतो. हा सरळ बघत होता, अगदी शांत, निरागस. आमचा बारक्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, खरं बोलताना जमिनीकडे बघायचा आणि खोटं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत. शाळेतल्या मास्तरांना हे कधीच कळलं नाही, आईला कळायला काही वर्षं गेली, मला तो बोलायला लागला तेव्हापासून माहीत होतं. साखर कोणी खाल्ली विचारलं की असाच बघायचा. फोटोतला माणूस फोटो काढताना काहीतरी खोटं सांगत होता, आणि ते खोटं 'मी तो नव्हेच' एवढंच असावं.  एकवीस वर्षं मी त्याला मेलेला धरलं नव्हतं, पण जिवंतही धरलं नव्हतं. मी मोबाइल परत सरकवला. "सांगता नाही येत," म्हटलं. "फार वर्षं झाली."

आमच्या कामाचा पहिला नियम असा की वस्तू आधी दाखवायची नाही. आधी विचारायचं, काय हरवलं, कशी होती, आत काय होतं. आणि खरा मालक हमखास चुकतो. तो म्हणतो निळी, पिशवी निघते हिरवी. आपल्याच पिशवीत काय होतं ते खऱ्या मालकाला धड आठवत नाही, कारण ती हरवेल असं समजून त्याने ती कधी निरखलेली नसते. जो धडाधड सगळं बरोबर सांगतो, आतल्या रुमालाच्या किनारीसकट, त्याला मी बाकावर बसवते आणि हवालदाराला हाक मारते. या पोरीने तर वस्तूच आधी दाखवली. मला वाटलं, कच्ची आहे. मग वाटलं, कच्ची कसली! तिला फोटोबद्दल काही विचारायचंच नव्हतं, माझा चेहरा बघायचा होता. तो तिने बघून घेतला होता.

खिडकी बंद करून मी तिला आतल्या खोलीत नेलं. छत्र्यांच्या ढिगाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर ती बसली. देश सोडून पळालेल्यांना परत आणायचं जे खातं असतं, त्यात ती अधिकारी होती. फोटोतला माणूस परदेशात भलत्याच नावाने राहत होता, एका हॉटेलात भांडी घासत होता. कसल्यातरी बाचाबाचीत पोलिसांनी त्याला उचललं, कागद तपासले तर कागद बनावट, आणि मग आपल्याकडची जुनी नोटीस निघाली. मी म्हटलं, "मग आणा की त्याला."

"आणता येत नाही, ताई. मागावा लागतो," ती म्हणाली. "आपल्याच देशातल्या दुसऱ्या राज्यात असता तर सोपं होतं. वॉरंट घेऊन जायचं, तिथल्या कोर्टासमोर उभं करायचं, प्रवासाची परवानगी घ्यायची, की गाडीत घातला. पण दुसरा देश म्हणजे दुसऱ्याचं घर. त्याच्या दाराशी उभं राहून मागायचं, आणि त्याने कारण विचारलं तर सांगायचं."

"काय कारण विचारतात?"

"मुख्य दोन. ज्यासाठी मागताय तो गुन्हा आमच्याकडेही गुन्हा आहे का? तो आहे, कोंडून ठेवल्यामुळे माणसं मरणं कुठेही गुन्हाच. आणि दुसरं, तुम्ही मागताय तो माणूस हाच का? तिथे गाडं अडलंय. तो म्हणतो मी तो नव्हेच."

"आणि त्याने केलं की नाही ते?"

"ते तिथे विचारत नाहीत," ती सहज म्हणाली. "थोडाफार पुरावा बघतात, पण दोष कोणाचा ते इथे ठरायचं. आणि आणल्यावर खटला त्याच एका गुन्ह्याचा. दुसरं काही त्याला चिकटवायचं नाही, तसा शब्द द्यावा लागतो."

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं, आणि का वाटलं ते घरी जाईपर्यंत कळलं नाही. आमच्या घरातही एकवीस वर्षं हाच कायदा चालू होता. बारक्याचं नाव निघालं की तो कुठे असेल, कसा असेल, जिवंत असेल का, इथपर्यंत सगळं विचारायची मुभा होती. केलं कोणी, हे विचारायची नव्हती. ते ठरलेलं होतं.

मग तिने खालच्या आवाजात विचारलं, की आईवडील आहेत का. गेले, मी म्हटलं. रक्ताचं दुसरं कोणी? मीच. "सख्खा भाऊ ना?" तिने विचारलं. "सख्खा," मी म्हटलं. ती म्हणाली, गालाच्या आतून नुसती कापसाची काडी फिरवायची, दुखत नाही काही, त्याचा आणि तुमचा नमुना जुळवून बघतील. आणि मी हो म्हटलं.

हे 'सख्खा' मी कसं म्हणाले ते सांगायला पाहिजे, कारण नंतर मी स्वतःवरही संशय घेतला, आणि तो अजून फिटलेला नाही. मी आठ वर्षांची होते. शेजारच्या खोलीत आईची एक मैत्रीण राहायची, दोघी एकाच हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुवायच्या. ती बाळंतपणात गेली. तिचा नवरा कधीचाच पसार झाला होता. आई मला घेऊन हॉस्पिटलात गेली आणि येताना तिच्या कडेवर बारक्या होता. नर्सने विचारलं, "तुमचंच का?" आई म्हणाली, "मग कोणाचं?" धुलाईघराची माणसं म्हणजे घरची, कोणी कागद केले नाहीत, कोणी विचारलं नाही. परत येताना रस्त्याच्या वळणावर आई थांबली, मला म्हणाली, "हा तुझा भाऊ. कोणी विचारलं तर सख्खा, आणि कोणी नाही विचारलं तरी सख्खा." वर्षभरात आम्ही ते शहरच सोडलं. लग्नानंतर मी ह्यांना कधी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. सांगण्यासारखं ते मला कधी वाटलंच नाही. बारक्याला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे. आईने त्याला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तर त्या पोरीने विचारलं आणि मी सख्खा म्हटलं, ते जिभेने आपोआप म्हटलं. पण काडी गालात फिरत होती तेव्हा मला कळलेलं होतं. आईने जिभेला पढवलं होतं, लाळेला कोण पढवणार? ही काडी 'नाही' म्हणणार, आणि बारक्या सुटणार, आणि मी एक अक्षर खोटं बोललेली नसणार. असं सगळं आयतं जुळून आलं की मी एरवी हवालदाराला हाक मारते.

पण हे काडीचं दोन दिवसांनी. आधी मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे इस्त्रीची वायर दुरुस्त करत बसले होते. निवृत्त झाल्यापासून घरातल्या वायरींच्या मागे लागलेत. मी फोटोचं सांगितलं, नमुन्याचं सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "नाही म्हणून सांग. जबरदस्ती करता येत नाही त्यांना."

"असं कसं, सरकारी काम आहे."

"सरकारी असलं म्हणून काय झालं? आरोपीच्या नातेवाइकाला सक्ती नाही. आणि अगं, तिकडून माणूस मिळायला वर्षं जातात. वरच्या कोर्टात जातो, तब्येतीचं कारण काढतो. आणलाच तर त्या एकाच कलमाखाली चालवतात. कशाला उगाच जुनी मढी उकरायची?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. एकाच कलमाचं मी सांगितलंच नव्हतं. मी फक्त फोटो आणि काडी एवढंच बोलले होते. आणि हे वाचणारे गृहस्थ नव्हेत. वर्तमानपत्रातलं हवामान आणि मेलेल्यांच्या जाहिराती, एवढंच ह्यांचं वाचन. इस्त्रीच्या वायरीएवढंच सहज कायदा उलगडून सांगणारा माणूस तो कायदा आज शिकलेला नसतो. आत काय आहे ते ह्यांना किनारीसकट माहीत होतं. मी भांडी घासली, तीच तीच दोनदा.

आता आगीचं सांगते, म्हणजे जेवढं मला माहीत होतं तेवढं. हे आणि बारक्या मिळून गाद्या-उशांचा कारखाना चालवत होते, फोमच्या गाद्या. कारखाना कसला, तीन खोल्यांचं गोडाऊनच ते. बायका कामाला होत्या. माल चोरीला जातो म्हणून मागचं दार कामाच्या वेळात बाहेरून लावून ठेवायचे. एका दुपारी पुढच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं, आणि फोमला आग लागली की ती धुरानेच मारते. बाकीच्या पुढून निघाल्या. तिघी मागे धावल्या आणि मागचं दार लावलेलं होतं. हे तेव्हा बँकेत होते. बारक्या कारखान्यात होता. ह्यांनी पोलिसांना सांगितलं, की दार लावायचं काम बारक्याचं, किल्ली बारक्याकडे, मी त्याला कितीदा म्हटलं होतं की असं लावू नकोस. म्हाताऱ्या पहारेकऱ्यानेही तेच सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी बारक्या नाहीसा झाला, मग बोलायला उरलंच काय? पळतो तोच चोर. त्या तिघींतल्या एकीची आई पुढे कित्येक महिने आमच्या दारासमोर येऊन बसायची. काही बोलायची नाही. मी तिला पाणी द्यायची, ती प्यायची. हे मागच्या जिन्याने जायचे. मला वाटायचं, संकोच.

रात्री झोप नाही हे वेगळं सांगायला नको, पण विचार मला दिवसाच जास्त छळायचे, खिडकीवर बसल्याबसल्या. माणूस समोर उभा राहून छत्रीचं वर्णन करतोय आणि मी ह्यांच्या एकवीस वर्षांची एकेक वस्तू उलटीसुलटी करून बघतेय. बँकेत कोणतं काम होतं? कधी विचारलंच नव्हतं. बारक्या गेला त्या संध्याकाळी हे त्याला शोधायला म्हणून बाहेर पडले आणि दोन तासांनी आले, तेव्हा शर्ट बदललेला होता का? होता, असं मला वाटायला लागलं. मग मलाच वाटायचं, की हे मी आत्ता घालतेय त्यांच्या अंगात. संशयाचं असंच असतं, एकदा डोळ्यात गेला की पांढऱ्या भिंतीवरही डाग दिसतात. आणि एवढं करून हा माणूस माझ्या आजारपणात तीन आठवडे खुर्चीत झोपला होता. ते खोटं नव्हतं. ते खोटं नसणं हेच मला जड जात होतं.

मग तो दुसरा माणूस आठवला. आठनऊ वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यात पोलिसांना कोणीतरी सापडला होता, बारक्यासारखा दिसणारा, एका धाब्यावर झाडू मारणारा. ते देशातल्या देशातलं प्रकरण, त्यामुळे विचारणं-बिचारणं काही नाही. दोन शिपाई गेले, परवानगीचा कागद केला, आणि चौथ्या दिवशी तो गरीब इथल्या चौकीत हजर. घरी सांगायलाही वेळ दिला नव्हता त्याला. आम्हाला ओळखायला बोलावलं. गजाच्या खिडकीतून बघायचं होतं. मी पुढे होणार तर ह्यांनी मला दंडाला धरून मागे घेतलं, म्हणाले, "थांब, आधी मी बघतो, तुला सहन नाही व्हायचं." आणि बघून आले तेव्हा मान हलवून नाही म्हणाले, आणि एवढे घामेजलेले, की हवालदाराने पंखा लावला. तो माणूस बारक्या नव्हताच, मीही बघितलं. मग ह्यांनी त्याला जेवू घातलं, बसमध्ये बसवून दिलं, स्वतःचा स्वेटर दिला. वाटेत माझे डोळे भरून आले होते, की किती मोठं मन आहे ह्या माणसाचं! आता काचेमागे बसून मी तोच स्वेटर पुन्हा बघत होते. माणूस मेहुणा निघाला नाही म्हणून कोणी इतकं खूश होतं का?

काडी देऊन आल्याचं मी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा मला अंथरुणात मिळायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदा. मी तो प्यायची आणि कपाच्या कडेवरून बघायची. हे खिडकीशी उभे राहून रस्त्यावर बघत असायचे, मोबाइल वाजला की दचकायचे. एकदा विचारलं, "निकाल यायला किती दिवस लागतात म्हणाली ती?" मी म्हटलं, सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, जरा पहारेकऱ्याकडे जाऊन येतो, म्हातारा आजारी आहे म्हणे. ज्याचं नाव ह्यांनी एवढ्या वर्षांत काढलं नव्हतं, त्याच्यासाठी हे दोन बसगाड्या बदलून गेले. संध्याकाळी आले ते हलके होऊन. बूट काढता काढता म्हणाले, "बिचाऱ्याला आता काही आठवत नाही गं. माणसंसुद्धा ओळखत नाही." मी म्हटलं, वाईट झालं. "हो ना," म्हणाले, आणि शीळ घालत हात धुवायला गेले.

मला माहीत होतं, की निकाल 'नाही' येणार आहे. ह्यांना माहीत नव्हतं. म्हणजे मी घरात बसून एका माणसाला घाबरताना बघत होते, आणि ज्याला तो घाबरत होता ते घडणारच नव्हतं. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पण थांबवतही नव्हते. एखाद्याचं सामान त्याच्या नकळत उघडून बघावं तसं ते होतं, आणि मला त्याची लाज वाटत होती, आणि मी बघत होते.

निकाल सांगायला अधिकारीबाई स्वतः आली. खिडकीवर गर्दी नव्हती. म्हणाली, "नाही जुळलं, ताई. काहीच नातं नाही." मी मान हलवली. आता ही जाईल आणि बारक्या सुटेल, एवढाच विचार होता मनात, आणि तो विचार चांगला होता, उबदार होता. पण ती जाईना. काचेवर बोट टेकून उभी राहिली. "मला एक कळत नाही," म्हणाली. "तिथल्या कोर्टात निकाल वाचून दाखवला. त्याच्या वकिलाने त्याच्या पाठीवर थाप मारली, सुटलास म्हणून. आणि तो रडायला लागला म्हणे. आनंदाने नाही. भिंतीकडे तोंड करून. दुभाष्याला त्याने दोनदा विचारलं, नक्की बहिणीचाच नमुना होता ना? सुटणारा माणूस असं का विचारेल?"

मी पावत्यांचं पुस्तक बंद केलं. तिने माझा चेहरा परत बघून घेतला. म्हणाली, सोमवारपर्यंत मुदत आहे, दुसरा काही पुरावा नाही दिला तर सोडतील, मग तो कुठे जाईल ते कोणालाच कळणार नाही. आणि आपला नंबर काचेखालून सरकवून गेली.

त्याला माहीत नव्हतं. आईने त्याला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं, आणि आता एका परक्या देशात, परक्या भाषेत, कोणीतरी त्याला वाचून दाखवलं होतं, की ही तुझी कोणी नाही. मी लाळ पाठवून त्याला सोडवायला निघाले होते, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला पोरका करून बसले होते. दोन दिवस मी लोकांना चुकीच्या छत्र्या दिल्या. सोडून द्यावा त्याला, असं वाटायचं. भांडी घासेल, जगेल. त्याला यायचं नाही, म्हणून तर डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतोय. आणि मग ती दारात बसणारी आई डोळ्यांसमोर यायची, जी पाणी पिऊन भांडं पालथं घालून ठेवायची. आणि मग भिंतीकडे तोंड केलेला बारक्या. आणि सगळ्याच्या मागे हे, शीळ घालत. केलं बारक्यानेच असेल तर? मग मी कोणावर काय घेऊन बसलेय? मला एकच गोष्ट कळायला हवी होती, आणि ती विचारायची सोय आमच्या घरात नव्हती.

रविवारी दुपारी जेवताना मी ह्यांना सांगितलं, की नमुना जुळला नाही.

"म्हणजे तो नव्हताच," हे म्हणाले. क्षणभर डोळे मिटले. मग भात मागून घेतला, भाजी मागून घेतली. हे कधी दुसऱ्यांदा मागत नाहीत. "मी म्हणत होतो तुला, उगाच जिवाला घोर. कोण असेल बिचारा, सुटला. संध्याकाळी बाहेर पडू या जरा? किती दिवसांत कुठे गेलो नाही." आणि माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम होता, नेहमीचा होता.

"तोच होता," मी म्हटलं.

हात तसाच राहिला.

"बारक्या आईच्या पोटचा नव्हता. हॉस्पिटलातून आणला होता, मी होते बरोबर. लाळ जुळणारच नव्हती. पण मी फोटो बघितला, आणि तोच आहे."

एकवीस वर्षांनी बायकोचा भाऊ जिवंत सापडला असं कळलं तर माणूस काय विचारेल? कसा आहे विचारेल, कुठे आहे विचारेल. निदान, हे मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस म्हणून ताट तरी आपटेल. मी त्याची वाट बघत होते. ह्यांनी ओरडावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ओरडले असते तर मी त्यांच्यापुढे हात जोडले असते, माफी मागितली असती, संध्याकाळी बाहेर गेले असते. हे हळूच हात काढून घेत होते, ताटाच्या कडेने एक शीत बोटाने सरकवत होते. मग अगदी खालच्या आवाजात ह्यांनी विचारलं, "काही बोलला का तो?"

"कशाबद्दल?"

ह्यांनी ते शीत ताटाबाहेर ढकललं. पंखा फिरत होता. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, खूप चालून आल्यावर होतं तसं. मी उठून हात धुतले, पर्समधला तो नंबर काढला आणि लावला.

"वेडी आहेस का तू?" हे उभे राहिले. "तुरुंगात घालशील त्याला! स्वतःच्या भावाला! तो नाही म्हणतोय ना, मग? त्याला तरी यायचंय का?"

हे खरं होतं. ह्यांनी त्या दुपारी बोललेलं तेवढंच खरं होतं. पण घंटी वाजायला लागली होती. अधिकारीबाईने उचलला. मी तिला आईची मैत्रीण सांगितली, धुलाईघर सांगितलं, त्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं, आणि फोटोतल्या डोळ्यांचंही सांगितलं. म्हटलं, त्याला आधी निरोप पाठवा, की नमुना बहिणीचाच होता आणि बहीणही त्याचीच आहे. ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तो आला की थेट कोठडीत जाईल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं. हे समोर उभे होते, उष्ट्या हाताने खुर्चीची पाठ धरून. बारीक आवाजात म्हणत होते, ठेव, फोन ठेव, आपण बोलू, मी सांगतो तुला सगळं. एकवीस वर्षांत ह्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

"आणि अजून एक नाव लिहून घ्या," मी फोनमध्ये म्हटलं, आणि ह्यांचं नाव सांगितलं, आडनावासकट.